मिऱ्याची पुरचुंडी

ज्ञानेश्वरीच्या घशानं नेमका स्नेहसंमेलनाच्या आठवड्यातच दगा दिला. नववीपर्यंत मागच्या बाकावर तोंड शिवून बसणाऱ्या या पोरीला यंदा करुणा मॅडमनी सूत्रसंचालन दिलं होतं, आणि गळ्यातून आवाज येत होता गंजलेल्या दाराचा!

"शुक्रवारपर्यंत बघू," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर प्रेरणा आहेच." शेजारच्या बाकावरची प्रेरणा गोड हसली. त्या हसण्यानं घसा आणखीच दुखला.

त्यात घरी आप्पा. तिचे वडील वाळूजला कामाला होते आणि कंपनीच्या बसमध्ये जे ज्ञान मिळेल ते संध्याकाळी थेट स्वयंपाकघरात उतरायचं. मागच्या महिन्यात मेथ्या होत्या. आता काळे मिरे.

"आमच्या बसमधल्या हनुमानचा खोकला गेला, अपचन गेलं, भूक लई वाढली," आप्पा सांगायचे. "अन् मिरं नसलं तर हळद अंगाला लागतच नाय!"

"हनुमानभाऊजींची भूक कमी कधी होती?" आईनं पोळी लाटता लाटता विचारलं.

पण ऐकतंय कोण! सकाळी मधात मिरपूड, डब्यातल्या वरणावर मिरपूड, रात्री काढा. काढा असा जहाल की ज्ञानेश्वरीच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती.

"आप्पा, डॉक्टरांनी फक्त गुळण्या करा अन् कमी बोला म्हणून सांगितलंय."

"मग कमी बोल की. माझ्याशी वाद कशाला घालतीस?"

तिनं उशीत तोंड खुपसलं आणि मनातल्या मनात किंचाळून घेतलं.

शुक्रवारी आवाज जरा बरा होता. "चालव," मॅडम म्हणाल्या. "पण मध्येच बसला तर प्रेरणा माईक घेईल." संध्याकाळी संमेलनाला निघताना आईनं नेहमीसारखी ओव्याची पुरचुंडी करायला घेतली, नाक चोंदलं की हुंगायची ती. आप्पांनी फडकं हातातून काढून घेतलं. "आण इकडं, मी बांधतो." कधी नव्हे ते मदत करतायत म्हणून दोघींनाही बरं वाटलं. ज्ञानेश्वरीनं पुरचुंडी रुमालात गुंडाळून खिशात टाकली.

हॉल खच्चून भरला होता. पडद्यामागं प्रेरणा केस सारखे करत उभी होती. ज्ञानेश्वरीनं माईक धरला. "सन्माननीय पाहुणे आणि..." आणि आवाज बसला. नुसती हवा. प्रेरणानं पाऊल पुढं टाकलं.

घाम फुटला म्हणून ज्ञानेश्वरीनं रुमाल काढून नाकातोंडावरून फिरवला. ओव्याचा वास नाही! विरलेल्या फडक्यातून बारीक मिरपूड गळून सगळा रुमाल काळा झाला होता.

पहिली शिंक माईकमध्ये फुटली तेव्हा पुढच्या रांगेतले पाहुणे दचकले. दुसरीला हॉल हसला. तिसरीला मागच्या रांगेत आप्पा उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "लागलं! मिरं लागू पडलं!"

"आप्पा, खाली बसा!"

खणखणीत. हॉलच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत. ज्ञानेश्वरी स्वतःच चाट पडली. घशात अडकलेलं काय होतं ते कुठल्या कुठं गेलं होतं.

"हे आमचे वडील," तिनं डोळे पुसत सांगितलं. "आजच्या कार्यक्रमात यांचं नाव नव्हतं, पण यांना कोण अडवणार?" टाळ्या पडल्या. प्रेरणा मागं सरकली ती सरकलीच.

परतताना क्रांती चौकात गाडी सिग्नलला थांबली. आप्पांची छाती फुगलेली मागूनही दिसत होती.

"ओव्याच्या जागी मिरं कोणी भरतं का, आप्पा? तेही दळून? अन् घसा शिंकांनी मोकळा झाला, मिऱ्यानं नाय."

"व्हय? अन् शिंका कशानं आल्या?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"हनुमानला सांगतो उद्या," म्हणत आप्पांनी गिअर टाकला.