घराण्यातले डोळे

शिंपीणबाईंच्या घराण्यात पन्नाशी आली की डोळे जात. आजीचे गेले, आईचे गेले, आणि आता थोरल्या दादालाही समोरच्याचा चेहरा धुरकट दिसू लागला होता. आई हसून म्हणायची, "लोकांच्या घराण्यात दागिने येतात, आपल्यात अंधार."

शिंपीणबाई आता अठ्ठेचाळीसच्या. तीन वर्षं त्या गुपचूप डोळे मिटून काजं करायला शिकत होत्या. गेल्या महिन्यात सुईचं नेढं दिसेनासं झालं. दादाला सोबत घेऊन त्यांनी डोळ्यांचे डॉक्टर गाठले.

"घराण्यात कुणाला त्रास?" डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

"आजीला, आईला. आणि हा माझा सख्खा भाऊ, यालाही."

डॉक्टर लिहू लागले. दादा खुर्चीत चुळबुळला.

"ते हिच्या कागदावर नका लिहू," तो म्हणाला. "हिला आईने आणलेली. दहा दिवसांची होती."

शिंपीणबाईंनी झटकन वळून दादाकडे पाहिलं. डॉक्टरांनी ओळ खोडली, डोळे नीट तपासले आणि म्हणाले, "चाळिशीचा चष्मा लागलाय, बाई. बाकी काही नाही. नशीबवान आहात."

बाहेरच्या बाकावर त्या बसल्या.

"आईने शपथ घातली होती," दादा पुटपुटला.

"मग आज का मोडलीस?"

"भिऊन अर्धी झाली होतीस गं. बघवेना मला."

"अरे, माझं नाक आईचं नाही, रंग नाही, आवाज नाही. लोक विचारायचे, ही कुणावर गेलीय? मी मनात म्हणायचे, थांबा, डोळे जातील तेव्हा कळेल. आता तुमच्या घराण्यातलं माझ्याकडे काय राहिलं?"

'तुमच्या' म्हटल्याबरोबर दादाचा चेहरा उतरला.

थोड्या वेळाने दोघं उठली. दाराबाहेरची पायरी दादाला दिसली नाही आणि तो अडखळला. शिंपीणबाईंचा हात सवयीने पुढे झाला, मग हवेतच थबकला. क्षणभरच. त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला सावकाश खाली उतरवलं.