कॅनडाला गेलेली लहान गोधडी

भागिरथीसारखा टाका पाथर्डीकडच्या त्या सगळ्या वस्तीत कुणाचा नव्हता. नगरच्या निवेदितानं तो पाहिला आणि तिच्या गोधड्या परदेशात विकायला घेतल्या. निवेदिता शिकलेली मुलगी, घरातच कॉम्प्युटर घेऊन बसायची. तिच्या अमेरिकेतल्या भावानं तिला इंटरनेटवर दुकान थाटून दिलं होतं. त्या दुकानाला ना फळी ना कुलूप. तिकडच्या बायांनी गोधडीचा फोटो बघायचा, मागणी कळवायची आणि निवेदितानं माल पोस्टानं धाडायचा. नव्व्याण्णव साली हे ऐकून वस्तीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

एकदा निवेदिता म्हणाली, "भागिरथीबाई, कॅनडातल्या एका बाईचे दिवस भरत आलेत. पाळण्यापुरती लहान गोधडी हवीय. कापड मऊ पाहिजे, वापरून वापरून झालेलं मऊ."

भागिरथी येष्टीत बसली ती पाथर्डी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तसं कापड तिच्या पेटीत होतं.

तिची लेक सायली तीन वर्षांची होऊन गेली. नवराबायको देवळाली प्रवराकडं ऊसतोडीला गेले होते, तिथंच पाचटाच्या कोपीत ती तापानं गेली. फोटो कधी काढला नव्हता. मागं उरली ती झबली आणि परकर. पुढं नणंद दगडाबाई बाळंत झाली, तेव्हा भागिरथीनं त्यातली चांगली झबली तिच्यापुढं धरली. दगडाबाईनं हात मागं घेतला.

"वयनी, राग धरू नका. गेल्या लेकराचं कापड मी न्हाई घालायची."

भागिरथीचा नवरा बन्सी ओसरीवर होता. तो म्हणाला, "अगं, धम्माची दीक्षा घेतली तवाच सोडलं की आपल्यात असलं सारं."

"सोडलं ना दादा. पर लेकरू माझं हाय."

झबली पुन्हा पेटीत गेली. पण भागिरथीच्या जिवाला एकच लागून राहिलं होतं, त्या कापडाखाली एखादं लेकरू निजावं. इथं कुणी घेणार नव्हतं. कॅनडातल्या बाईला कुठं काय ठाऊक होतं?

"तिला सांगाया पायजे," बन्सी म्हणाला.

"सांगितल्यावर घील का ती?"

कापायची वेळ आली तेव्हा भागिरथीच्या हातून कात्री चालेना. मग बन्सीनंच ती घेतली आणि परकराचे तुकडे करून एकेक तिच्यापुढं ठेवले.

गोधडी घेऊन भागिरथी स्वतः निवेदिताबरोबर नगरच्या पोस्टात गेली. परदेशी पार्सलावर आत काय आहे, किंमत काय, हे लिहावं लागतं. निवेदितानं पेन उघडलं.

"मी जुनं कापड म्हणून लिहिते. किंमत थोडकी टाकते. म्हणजे तिकडं त्या बाईला जकात बसत नाही. सगळे असंच करतात."

"जुनं कापड नका लिवू ताई."

"अहो, जुनंच आहे ना ते?"

"हाय. पर चिंध्या धाडल्यावानी वाटतं. खरी किंमत लिवा. तिलाबी कळू द्या, लई मोलाची हाय."

निवेदिता हसली. "माझी मालकीणच झालात तुम्ही." पण खोटं लिहायचं तिच्याही जिवावर यायचं. तिनं खरी किंमत लिहिली आणि खाली एका चौकोनात खूण केली.

"ही कशाची?"

"तिकडं माल घेतला नाही तर काय करायचं त्याची. परत आणायचं भाडं गोधडीपेक्षा जास्त पडतं. म्हणून तिकडंच सोडून द्या, असं सांगायचं."

"न घ्याया काय झालं?" असं म्हणून भागिरथीनं पार्सलावरून हात फिरवला. कारकुनानं ते आत ओढून घेतलं.

नवा माल घेऊन ती पुन्हा नगरला गेली, तोवर उन्हाळा सरत आला होता. निवेदितानं चहा ठेवला, पण तिची नजर काही वर येईना.

"ती लहान गोधडी त्या बाईनं घेतली नाही. कर, जकात, वर पोस्टाचा आकार, सगळं मिळून फार मागितलं म्हणे. दारातूनच नको म्हणाली. पाकीट उघडलंसुद्धा नाही. तुमची मजुरी मात्र मी देणार हं."

"मंग गोधडी कुटं हाय?"

"तिकडंच."

"तिकडं म्हंजी कुटं?"

"सरकारजमा होते. काही दिवस ठेवतात. मग लिलावात काढतात, नाहीतर नष्ट करतात."

"नष्ट म्हंजी?"

निवेदितानं कप पुढं सरकवला. "जाळत असतील. मला नक्की नाही माहीत."

"मागवून घ्या ताई. भाडं मी दीन."

"मी कळवलं होतं. मुदत टळली म्हणाले. इतकं काय मनाला लावून घेता? अशी दुसरी शिवाल की."

भागिरथीच्या ओठांवर शब्द आला होता. पण विकायच्या मालात काय घातलं ते सांगावं तर ही मुलगी उद्या वस्तीवरच्या कुठल्या बाईची गोधडी घेईल? तिनं चहा पिऊन कप विसळून ठेवला.

ती घरी आली तेव्हा बन्सी शेळ्यांना पाला टाकत होता. पाठमोराच म्हणाला, "पोचली का?"

"पोचली."

"काय झालं त्या बाईला?"

"पोरगी."

बन्सीच्या हातातला पाला तसाच राहिला. शेळी तो ओढायला लागली तरी त्याला भान नव्हतं.

"थंडी लई असती म्हनं तिकडं."

"हाय ना. म्हनून तर रोज तिच्यातच निजवत्यात."

तो वळला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा सैल झालेला तिनं पाहिला नव्हता. संध्याकाळी त्यानं दगडाबाईकडंही बातमी पोचवली. रात्री भाकरी मोडताना म्हणाला, "पुढल्या खेपंला ताईला इचार. काय नाव ठिवलं पोरीचं?"

"इचारते," भागिरथी म्हणाली आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.