पाचवी मेंढी

मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धेत सगळी गंमत खाली असते. तंबू खाली, चहा खाली, पंचांची गाडी खाली. आणि वर, चारशे पावलांवर डोंगराच्या उतारावर, एक माणूस मेंढ्यांच्या वाडग्याचं फाटक धरून उभा असतो, त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. प्रत्येक स्पर्धकासाठी पाच मेंढ्या बाहेर काढायच्या, आपल्या कुत्र्याकडून त्या जागेवर थोपवून धरायच्या, आणि खालून स्पर्धकाचा कुत्रा आला की आपण गपचूप मागे सरायचं. त्या दरीत हे काम बावीस वर्षं इदवालने केलं. काय मिळालं म्हणाल, तर गुडघेदुखी.

त्या वर्षी वेल्सच्या संघाची निवड तिथेच होती, आणि मेंढ्याही इदवालच्याच कळपातल्या. त्याची धाकटी बहीण लुनेद डोंगरापलीकडच्या दरीत दिलेली. तिची कुत्री नेल नऊ वर्षांची. दोनदा त्या दोघींची संघातली निवड एका जागेने हुकली होती.

सकाळी लुनेद मनुकांचा पाव आणि थर्मास घेऊन वरपर्यंत चढून आली.

"हे शेवटचंच, दादा. पुढच्या वर्षी नेल दहाची. मग कुठले पळतात तिचे पाय! जरा बऱ्या मेंढ्या दे हो मला."

"सगळ्यांना सारख्याच देतो मी," इदवाल म्हणाला. तोवर ते अगदी खरं होतं.

वाडग्याच्या कोपऱ्यात एक फाटक्या कानाची मेंढी त्याने वेगळी कोंडून ठेवली होती. हिवाळ्यात कुणा सहलीला आलेल्यांच्या मोकाट कुत्र्याने तिला फाडलं होतं. जखमा भरल्या, पण डोकं ठिकाणावर आलं नाही. कुत्रा जवळ आला की अंगावर जायची, नाहीतर जीव घेऊन उडी मारायची. "हिला काढायची नाही," असं त्याने मदतीला आलेल्या गेथिनला दोनदा बजावलं होतं.

गेथिन शेजारचाच. कामापेक्षा तोंड जास्त चालणारा.

"काय रे इदवाल, आज बहीण संघाचा कोट घालणार म्हणे! आणि तू? तू आपला इथेच लेंड्या तुडवत. एकाच बापाची ना रे तुम्ही दोघं?" असं म्हणून खदाखदा हसला आणि चहाला खाली निघून गेला.

आता हे काही नवीन नव्हतं. असली थट्टा इदवालने शंभरदा ऐकून सोडली होती. पण त्या दिवशी झोंबली. बापाने शीळ घालायला दोघांनाही एकाच भिंतीवर बसवून शिकवलं होतं. बाप गेला, डोंगर इदवालच्या गळ्यात पडला, आणि चषक लुनेदच्या फळीवर. नेलसुद्धा त्याच्याच कुत्रीची. पिल्लं झाली तेव्हा पहिली निवड इदवालची होती. त्याने सगळ्यात दांडगं पिल्लू उचललं. उरलेलं मरतुकडं लुनेदने कोटात घालून नेलं. ते दांडगं पिल्लू म्हणजे कॅप, आता त्याच्या पायाशी बसून मेंढ्या थोपवत होतं. कामाला वाघ, पण डोक्याने दगड.

लुनेदचा नंबर पुकारला. इदवालने चार मेंढ्या काढल्या. मग कोपऱ्याची कडी काढली आणि पाचवी काढली.

एवढं सोपं होतं बघा ते. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही.

खालून शीळ आली आणि नेल सुटली. उजवीकडून, दगडी गडग्याच्या कडेने, मोठा वळसा घेत ती वर आली आणि मेंढ्यांच्या मागे अलगद थांबली. इदवालपासून दहा पावलांवर. लहानपणापासून ओळखणारी कुत्री, पण कामावर असली की तिला इदवाल म्हणजे एक खांब. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मेंढ्यांवर नजर लावली.  वॉकीटॉकी हातातच होता. "थांबा, चुकून भलती मेंढी गेली," एवढं म्हणायचं होतं. मेंढ्या चालायला लागल्या. तो म्हणाला नाही.

मेंढ्या ज्यातून न्यायच्या त्या मधल्या फाटकापर्यंत पाचही सरळ गेल्या. नेल जरा जवळ सरकताच फाटक्या कानाची गर्रकन फिरली, पाय आपटून नेलच्या अंगावर गेली. चावली की बाद, हे नेलला ठाऊक. ती जागेवर उभी राहिली. मेंढीने धडक दिली, नेल कोलमडली, उठली, पुन्हा उभी राहिली. तीनदा झालं. चौथ्या वेळी मेंढीने गडग्यावरून उडी टाकली आणि बाकीच्या चारही चारी वाटांना उधळल्या.

वॉकीटॉकी खरखरला. पंचांचा आवाज. "वरच्या टोकाला विचारतोय. या पाच मेंढ्यांच्या खांडात काही खोट होती का?"

होती म्हटलं असतं तर लुनेदला नव्या पाच मेंढ्या मिळाल्या असत्या, पुन्हा पहिल्यापासून. रीतच आहे तशी.

"नाही," इदवाल म्हणाला. "सगळ्या ठीक होत्या."

खाली लुनेदने माघार घेत टोपी काढून पंचांना मान लववली आणि नेलला परत बोलावलं.

संध्याकाळी तंबूत लोक हळहळत होते. लुनेद सगळ्यांना एकच सांगत होती, "कुत्रीतच दम राहिला नाही हो. मेंढी अंगावर आली की डगमगते आता." नेल तिच्या बुटांना टेकून बसली होती. आठवड्याने लुनेद नेलला घेऊन इदवालच्या अंगणात आली. "तुझ्याकडे राहू दे. डोंगरावर होईल उपयोग." चहालाही थांबली नाही.

नेल राबली. इदवालच्या बेसूर शिळा तिने चार दिवसांत समजून घेतल्या. ऑक्टोबरात एकदा बोळात त्याचा थोरला मेंढा, चांगला दोन माणसांना न आवरणारा, शिंगं खाली घालून तिच्यावर आला. नेल हलली नाही. नुसती बघत राहिली, मेंढा मुकाट्याने मागे फिरेपर्यंत. डगमगते म्हणे! इदवाल तिथेच गडग्यावर बसला आणि पोरासारखा रडला. मग नेलला गाडीत घातलं आणि डोंगर ओलांडून थेट लुनेदचं दार गाठलं.

लुनेद स्वयंपाकघरात रश्शासाठी बटाटे सोलत होती. तो बसला नाही.

"ती मेंढी मी मुद्दाम घातली, लुनेद."

तिचा हात थांबला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तोंड फिरवलं तिने तेव्हापासून. कुत्र्याने फाडलेली मेंढी मला ओळखता येत नाही होय रे? तरी म्हटलं, चुकून आली असेल, दादाचं लक्ष नसेल. मग पंचांनी तुला विचारलं. पंचांच्या गाडीपाशीच उभी होते मी. तुझा आवाज ऐकला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा भाऊ खोटं बोलतोय म्हणू? पुन्हा कुणी हात लावू दिला असता तुला फाटकाला? उंबऱ्याशी तरी उभं केलं असतं कुणी? एकटा राहतोस तिथे." आता तिने सुरी ठेवली. "म्हणून कुत्रीवर ढकललं. सगळ्यांसमोर. आणि ती पायाशी बसलेली. तिला काय कळतंय म्हण, पण मला कळत होतं ना! घरी आल्यावर तिला खायला घालायला जायची, ती शेपटी हलवायची, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. म्हणून आणून सोडली तुझ्याकडे."

इदवाल म्हणाला, "मी समितीला सांगतो सगळं. आजच सांगतो."

"सांग ना. त्याने नेलचं वय कमी होणार आहे का?"

बाहेर गाडीत नेलला तिचा आवाज ऐकू गेला असावा. ती काचेला पाय लावून उभी राहिली आणि कुंई कुंई करायला लागली. लुनेदने हात पुसले, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला.

"घे ना तिला," इदवाल म्हणाला. "तुझीच आहे. त्यासाठीच आणलीय."

"गाडीचं दार उघडलं तर येईल धावत. काही झालंच नाही अशी येईल," लुनेद म्हणाली. "ते नाही सोसवणार मला. जा तू, दादा. तिला थंडीत ठेवू नकोस."

तिने स्वतःच बाजूला होऊन त्याला वाट दिली, आणि तो बाहेर पडल्यावर दार लावून घेतलं.

इदवालने गाडी काढली. नेल मागच्या सीटवर चढली आणि मागच्या काचेतून त्या घराकडे बघत राहिली. तिला "बस" म्हणायचीसुद्धा इदवालला हिंमत झाली नाही.