एका रद्द दाखल्याचं सुख

मी शाळा सोडल्याचा दाखला बोलतोय. घाबरू नका, तुमचा न्हाई! तुमचा तुमच्या फायलीत नीट असंल. मी चाकूरच्या एका शाळेतल्या दाखला-बुकातलं एकोणपन्नासावं पान. लातूरच्या छापखान्यात जन्मलो, शंभर भावंडांसंगं एका पुठ्ठ्यात शिवला गेलो आणि शाळेच्या हिरव्या कपाटात येऊन पडलो.

आमच्या जातीचं आयुष्य सरळ असतंय. लेकरू शाळा सोडतं, क्लार्क शिल्पा मॅडम आम्हाला भरतात, हेडसर सही करतात, शिक्का बसतो आणि टर्रकन फाडलं की निघालो. माझे अठ्ठेचाळीस भाऊ असेच गेले. मलाबी लई घाई होती. आता सांगायला लाज वाटती, पण मला वाटायचं, कुणाचाबी असू दे, एकदाचं बाहेर पडू दे.

माझ्या पोटात एक रकाना हाय, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथं माणसं खरं कमीच लिहितात. आठवीपर्यंतच्या लेकराला शाळेतून काढायचं न्हाई असा कायदा हाय, म्हणून 'काढलं' असं कुणी लिहीत न्हाई. 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहितात. विनंती शाळेची आणि सही पालकाची. वा रे विनंती!

मागच्या सप्टेंबरात माझी पाळी आली. पोरीचं नाव सुकन्या, सातवीतली. तिचं घर देगलूरकडचं, पार तेलंगणाच्या शिवेवरचं. बापाला इथल्या डाळमिलमध्ये काम लागलं म्हणून सगळे चाकूरला आले.

गुन्हा काय? तर गणिताच्या रामलिंग सरांवर चप्पल उगारली. सर पुनम नावाच्या पोरीला तेराचा पाढा विचारत होते. पुनमची बोबडी वळलेली. शेजारची सुकन्या ताडकन उभी राहिली, हातात चप्पल, आणि ओरडली, "चेप्पू! चेप्पू!" आता रामलिंग सर मागं इलेक्शन ड्युटीला देगलूरकडं गेले होते. तिथं देवळाबाहेर त्यांची एक चप्पल हरवली. ती शोधता शोधता तेवढा एकच तेलुगू शब्द शिकून आले होते. चेप्पू म्हणजे चप्पल. झालं! सर तडक ऑफिसात.

"हेडसर, एक तर ती पोरगी ऱ्हाईल, न्हाईतर मी!"

अमृतराव हेडसर माणूस वाईट न्हाई, पण भित्रा. त्यांनी सुकन्याला बोलावलं.

"वर्गात चेप्पू म्हणालीस?"

"हाव."

"दोनदा?"

"तीनदा, सर."

"आन् हातात चप्पल होती?"

"हाव सर. तिचा अंगठा तुटला होता."

शेवटचं कुणी ऐकलंच न्हाई. हेडसर म्हणाले, "मॅडम, दाखला भरून ठेवा. उद्या आईला बोलवून सही घेऊ."

शिल्पा मॅडमनी मला उघडलं आणि सवयीनं भरत गेल्या. मातृभाषा, मराठी. वर्तणूक, चांगली. आता तुम्हीच सांगा, मास्तरावर चप्पल उगारणाऱ्या पोरीची वर्तणूक चांगली! हाताला वळण पडलेलं, दुसरं काय. कारण, पालकांच्या विनंतीवरून.

सुकन्या दाराशी उभी होती. "मॅडम, दाखला देऊ नका ना," ती म्हणाली. "बा म्हणलाय, शाळेतनं नाव कटलं तर मामाच्या गावाला धाडतो, म्हशीमागं. तिथं शाळा चौथीपर्यंतच हाय."

ते ऐकलं आणि माझी सगळी घाई जिरली. एका पोरीची शाळा माझ्या हातून तुटणार होती! मी कागद, मला ना हात ना तोंड. मनातल्या मनात म्हणून राहिलो, देवा, शाई सांडू दे, वाळवी लागू दे मला, पण ही सही होऊ देऊ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला. दिल्लीहून एक मार्गदर्शक पुस्तिका आली होती, लेकरांना शाळेतून काढणं कसं टाळावं आणि त्याऐवजी काय करावं, अशी. सगळ्या शाळांनी ती वाचून मत कळवायचं होतं आणि आमचीच शाळा मागं ऱ्हायली होती. पुस्तिका आठवडाभर चहाच्या कपाखाली होती.

"नेहमीचं लिहा मॅडम," हेडसर म्हणाले. "वाचले, सहमत."

मॅडम फॉर्म भरायला बसल्या. मी शेजारीच उघडा. होय, होय, होय करत पेन पळत होता, तो एका प्रश्नावर अडला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "दाखला देण्याआधी मुलाचं म्हणणं त्याच्या घरच्या भाषेत ऐकलं का? अलीकडचं एक उदाहरण लिहा." त्यांची नजर माझ्यावर गेली. मातृभाषा, मराठी. त्यांनी उठून प्रवेशाचं रजिस्टर काढलं. तिथं लिहिलं होतं, तेलुगू.

"सर, हितं काय लिहू?"

"होय लिहा की."

"कशाच्या जोरावर? उदाहरण मागून राहिले ते."

तेवढ्यात सुकन्याची आई पार्वतम्मा सही करायला आली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, रामलिंग सरांना बोलावलं आणि सुकन्याला म्हणाल्या, "काय झालं ते तुझ्या घरच्या बोलीत सांग, बाई. आई आम्हाला मराठीत सांगंल."

पोरगी आईकडं सरकली. पार्वतम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "चेप्पू, बिड्डा, चेप्पू!"

रामलिंग सर खुर्चीतून उडालेच! त्यांनी आधी बाईच्या हाताकडं बघितलं, मग पायाकडं. चपला तर दाराबाहेर होत्या.

"काय म्हणालात, बाई?" हेडसरांनी विचारलं.

पार्वतम्मा गोंधळली. "सांग म्हणलं, सर. सांग पोरी, सांग. आमच्यात सांगला चेप्पूच म्हणतात. चपलीलाबी चेप्पूच म्हणतात."

सुकन्या पुढं झाली. "मी पुनमला सांग म्हणत होते, सर. घाईत घरचीच बोली तोंडात आली. पाढा येत होता तिला. भ्याली होती."

"अगं, मग तवाच सांगायचं न्हाई का?" रामलिंग सर म्हणाले.

"चेप्पू म्हणालीस का, एवढंच विचारलं सर."

हेडसरांना हसू आवरेना. शिल्पा मॅडम हसता हसता डोळे पुसायला लागल्या. रामलिंग सर मात्र हसले न्हाईत. "माझं चुकलं, पोरी," म्हणाले. मास्तराच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

हेडसरांनी लाल पेन घेतला, माझ्या अंगावर दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि लिहिलं, 'रद्द'. आई शप्पथ सांगतो, एवढं हलकं मला छापखान्यातबी वाटलं नव्हतं!

मग त्यांनी कप बाजूला सारून पुस्तिका पहिल्यापासून वाचली आणि फॉर्मवर स्वतःच्या हातानं मत लिहिलं: 'घरच्या भाषेची सूचना आपण शेवटच्या पानावर दिली आहे. ती पहिल्या पानावर घ्यावी. आम्ही शेवटपर्यंत वाचत नाही.'

रद्द झालेलं पान फाडत न्हाईत, ते बुकातच ऱ्हातं. पन्नासावा भाऊ गेला, एक्कावन्नावाबी गेला. मी हाय तिथंच हाय, कडेला थोडा पिवळा पडलोय. सुकन्या आता आठवीत हाय. कपाट उघडलं की कधी कधी तिचा आवाज येतो, शनिवारी रामलिंग सरांना तेलुगू शिकवताना. सरांची जीभ काही केल्या वळत न्हाई.

तर बाबांनो, एखाद्या लेकराचा दाखला लिहायला बसलात, तर आधी त्याला विचारा, आणि त्याच्या बोलीत विचारा. माझ्यासारखं एखादं पान वाया गेलं तर जाऊ द्या. कागद काय, लातूरला ढीगभर छापून मिळतात.