खुंटीवरची कुबडी

मित्रांनो, मालवणातल्या गुरुदास डॉक्टरांच्या दवाखान्यात, दाराआडच्या खुंटीवर धूळ खात असते ती मी, एक जुनी कुबडी. माझी कीव मात्र करू नका. का, ते शेवटी सांगते.

कट्टा गावच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. काखेत रुतू नये म्हणून डॉक्टरांच्या बायकोने जुन्या लुगड्याची गादी शिवून मला वर बांधली. गावात कुणाचा पाय मोडला की डॉक्टर मला त्याच्या घरी नेऊन ठेवत आणि तो बरा झाला की परत मागत. मागायला ते कधी विसरले नाहीत.

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात मी लवू नावाच्या मच्छीमाराच्या घरी गेले. पावसाआधी होडी किनाऱ्यावर ओढून घेताना ती त्याच्या पायावर कलंडली होती. मोठ्या इस्पितळात जखमेला टाके घालून, वर प्लास्टर चढवून त्याला घरी धाडलं होतं. लवूचं हातावर पोट. पाय गेला तर दर्या गेला. भिंतीला टेकून मी त्या पायाकडे बघत असे. आत जखम सडली तर पाय कापावा लागणार होता. पाय कापलेल्या माणसाला कुबडी जन्मभर लागते. ते मला नको होतं.

डॉक्टर दर तीन दिवसांनी येत, प्लास्टरबाहेरची बोटं दाबून बघत. लवू ओशाळून जाई.

"डॉक्टरानू, मोठ्या डॉक्टरान बांधून दिल्यान मां? मगे तुमी पावसात कित्याक त्रास घेतास?"

"बांधणारो तो. बरो होयपर्यंत बघणारो मी," डॉक्टर म्हणत. निघताना त्याच्या बायकोला, आनंदीला, बजावत, "ताप इलो नायतर वास इलो, तर लगेच निरोप धाड गो."

पण त्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुक्या बांगड्यांच्या पाट्या आढ्यापर्यंत रचलेल्या. कुठला वास कुठून येतो, कुणाला कळणार? लवूचं अंग कढत लागू लागलं, तर "पावसाचो ताप तो," म्हणून त्याने बायकोला गप्प केलं. मी सगळं बघत होते, पण लाकडाला तोंड कुठलं?

ठरल्या दिवशी डॉक्टर आले. लवूच्या कपाळाला हात लावताच त्यांचा चेहरा उतरला.

"वास येता?"

"आमच्या घरात वास कधी नाय?" आनंदी म्हणाली.

डॉक्टरांनी आढ्याकडे बघितलं. "आधी ह्यो पाट्यो भायर काढ गो."

बाहेर पाऊस कोसळत होता. मासळी भिजली तर चार महिने खायचं काय आणि विकायचं काय? तरी आनंदीने पाट्या गोणपाटाखाली झाकून शेजारच्या सावित्रीच्या पडवीत नेल्या. दारं उघडी टाकली, घरात वारा खेळला. मग ती प्लास्टरवर वाकली. तो वास बांगड्याचा नव्हता.

डॉक्टरांनी प्लास्टरला खिडकी कापली, पू काढला, जखम धुतली. रोज येऊन पेनिसिलिन टोचलं. आठ दिवस त्या घरात कुणाला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी ताप उतरला. पाय वाचला, तरी डॉक्टरांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर त्यांनीच लवूला माझ्या आधाराने अंगणात चालायला शिकवलं.

दिवाळी झाल्यावर लवू दवाखान्यात आला. मला काखेत धरून नव्हे, वल्हं घेतात तसं खांद्यावर टाकून. "तुमची कुबडी," एवढंच बोलला आणि त्याने मला खुंटीवर टांगलं.

मित्रांनो, जखम बांधली म्हणजे दुखणं संपत नाही. तुमच्या घरी कुणी मोडलेला हातपाय घेऊन आलं, तर रोज त्याच्या जवळ जा, हात लावून बघा, त्याला ताप लपवू देऊ नका. आणि माझ्यावरची धूळ पुसू नका. ती जेवढी जाड, तेवढे दिवस गावातलं प्रत्येक माणूस आपल्या पायांवर चालतं आहे.