कृष्णात डिझेल पितो

हायवेच्या कडेला बंद पडलेल्या धाब्यापुढे सकाळी आठालाच वीस-बावीस ट्रक लागलेले असत आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या माना एका खाटेकडे वळलेल्या. खाटेवर उदयसिंह महाराज. आधी त्यांचे टायरचे दुकान होते. ते बुडाल्यावर त्यांना दृष्टी लाभली.

"पावणं, टाकीला भोक न्हाय, इंजिन ठणठणीत, मग डिझेल जातंय कुठं? मेल्याली माणसं तहानल्याली असत्यात. पाण्यावर भागत न्हाय त्यांचं."

मग पाच हजार एकशे रुपयांत एक पितळी घंटी मिळे. तिच्या लोलकाला पिंपळपानाएवढी पातळ पट्टी. घंटी ड्रायव्हरच्या खिडकीशी टांगायची, आणि काच चार बोटं उघडी ठेवायची, मेलेल्याला यायला वाट म्हणून. घंटी खणखणली की तो प्यायला आला. ती गप्प होईतोवर रेसवरचा पाय उचलून धरायचा. गंमत म्हणजे डिझेल खरोखरच वाचे. दहा दिवसांनी जो तो येऊन पाया पडे. लबाडीच्या पदरात एक खरा आकडा पडला की तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही.

दिलदारने तर कृष्णातला कानांनी ऐकले होते. कोल्हापूरचा गूळ अहमदाबादला नेणारी त्याची बाराचाकी निम्मी त्याची, निम्मी कोडोलीच्या कृष्णातची. बारा वर्षे दोघांनी ती आळीपाळीने चालवली. श्रावणात कृष्णात घरी झोपेतच गेला. तीच गाडी, तोच माल, तोच रस्ता. पण लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी साडेतीनवर आली. सीटमागच्या फळीवर कृष्णातची घोंगडी तशीच पडून होती. वळणावर ती सरकली की दिलदारच्या मानेवर काटा येई. चहाला थांबला की त्याच्या तोंडून 'दोन' जाई. खंबाटकी घाट उतरून सरळ रस्त्याला पहिल्यांदा घंटी वाजली, तेव्हा त्याने पाय उचलला आणि पुटपुटला, "पी बाबा." घंटी थांबली. भर दुपारी, एकटाच, तो हुंदके देत चालवत राहिला.

महाराजांनी आता पुढचे पान वाढले. "घंटीनं त्यो गप बसलाय, उतरला न्हाय. गाडीच्या कागदावर त्याचा वाटा हाय तवर उतरायचा न्हाय. वाटा आमच्या मठाच्या नावावर कर. आज डिझेल पितोय, उद्या तुजं रगत पील."

म्हणून दिलदार कोडोलीला कृष्णातच्या बायकोपुढे कागद घेऊन बसला. संयोगिता दूध संस्थेत दुधाचे फॅट तपासायची. पण घर चालायचे ते गाडीच्या निम्म्या भाड्यावर.

"जित्तेपणी चहा मोजून पिणारा माणूस आता डिझेल पितोय व्हय?"

"वैनी, चेष्टा नका करू. मी ऐकलंय त्याला."

ती पुढे सरकली. "काय म्हणत्यात?"

"बोलत न्हाय. घंटी वाजवतो."

"सहा महिने झालं, माझ्याकडं एकदा आलं न्हाईत. तुमच्या टाकीत बरं गेलं." तिने डोळे पुसले आणि आतून एक वही आणली. "दिलदारभाऊ, संस्थेत म्हशीचं फॅट उतरलं तर भूत दूध पितंय म्हणत न्हाईत. वैरण काय घातली ते इचारत्यात."

कृष्णातची एक खोड होती. पाळी बदलली की टाकी काठोकाठ भरायची आणि किलोमीटर, लिटर वहीत मांडायचे. दोन रकाने, 'कृ' आणि 'दि'. दिलदार त्याला कारकून म्हणून चिडवायचा. संयोगिताने बोट फिरवले. 'कृ'खाली चार पूर्णांक चार, 'दि'खाली तीन पूर्णांक सहा. पान उलटले, तरी तेच.

"हे किती स्पीडनं चालवायचं?"

"पंचावन्न. आमी बैलगाडी म्हणायचो."

"आणि तुमी?"

"पंचाहत्तर."

"'दि'खाली तीन पूर्णांक सहा लिवलंय, तवा हे जित्तं हुतं. तवा डिझेल कोण पीत हुतं?"

आता सगळाच रस्ता दिलदार एकटा चालवत होता, आणि रिकामी केबिन खायला उठायची म्हणून ऐंशीच्या खाली उतरत नव्हता.

"एक फेरी घंटी काढून करा. ह्यांच्या स्पीडनं. डिझेल वाढलं तर सही करीन."

ती फेरी दिलदारला सर्वांत लांब वाटली. काटा पंचावन्नवर, मागून हॉर्न, खिडकीशी रिकामा दोरा. कान तरी त्या दोऱ्याकडेच. कुणी आले नाही. परतल्यावर टाकी भरली. आकडा आला चार पूर्णांक चार. त्याने पंपवाल्याला दोनदा मोजायला लावले.

रविवारी संयोगिता घंटी घेऊन धाब्यावर आली. पंक्चरवाल्याच्या हवेच्या पायपाखाली तिने ती धरली. हळू हवा सोडली, घंटी गप्प. जोरात सोडली, पट्टी फडफडली आणि घंटी खणखणू लागली.

"महाराज, ह्या पायपात कोण मेलंय?"

"बाई, वाऱ्यातबी त्योच असतो."

"मग वाऱ्यालाच पावती फाडा," कुणीतरी मागून म्हणाले, आणि हशा पिकला. महाराज मात्र चपला शोधू लागले.

दिलदारनेच मग सगळ्यांना समजावले. गाडी पासष्टच्या पुढे गेली की चार बोटांच्या फटीतून येणारा वारा पट्टी हलवतो. घंटी वाजते, आपण भिऊन पाय उचलतो, वेग उतरतो, डिझेल वाचते. वेग वाढवला की समोरचा वारा कितीतरी पटीने अडवतो, आणि त्याला ढकलण्यातच डिझेल जळते. हे काम काटा बघून फुकट होते.

तेव्हा मंडळी, तुमच्या नुकसानीला कुणी मेलेल्याचे नाव देऊ लागला, तर सही करण्याआधी टाकी भरा, मोजा, लिहा. मेलेली माणसे उलटून बोलत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर आळ घेणे सोपे असते. कृष्णात डिझेल पीत नव्हता. निम्म्या रस्त्यात तोच ते वाचवत होता.

कागद दिलदारने फाडले. घोंगडी मात्र ठेवली. वळणावर ती अजून सरकते, आणि काटा अजून येतो. गाडी पंचावन्नने जाते, मागचे शिव्या घालतात. फेरी संपली की तो टाकी काठोकाठ भरतो, वही उघडतो आणि आपला आकडा 'कृ'च्या रकान्यात लिहितो.