प्लास्टिकमधला हिवाळा

मी बोलतेय. अंगणात भिंतीला खेटून उभी असलेली निळी मोटार. निळी म्हणायचं ते आपलं सवयीनं. निळा रंग आता छपरावर आणि डिकीच्या झाकणावर उरलाय तेवढाच. खाली दारांपासून सगळी तपकिरी. काल भंगारवाला येऊन मला बघून गेला. त्याने बुटाच्या टोकाने दाराखाली जरा ढोसलं, तर बूट आत गेला. "अरेरे," म्हणाला आणि बूट झटकला. उद्या तो ट्रक घेऊन येणार आहे.

त्याआधी मला सांगून टाकायचंय. कारण या घरात आल्यागेल्याला माझ्याबद्दल जे सांगतात ते खोटं आहे. "जुनीच होती हो, गंजणारच," असं सांगतात. एक्केचाळीस वर्षं मी गंजले नाही. एका हिवाळ्यात गंजले.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो शोरूममधला दिवस, काटेवाले आले तो. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानं, दूधकेंद्रं, गोदामं असं सगळीकडे फिरायचं, काटा तपासायचा, चुकत असेल तर सरळ करायचा. म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. रागावली की बायकोसुद्धा तेच म्हणायची. इतर गिऱ्हाइकं सीटवर बसून बघत, भोंगा वाजवून बघत. हे गृहस्थ नव्या शर्टानिशी फरशीवर उताणे झाले आणि माझ्या पोटाखाली सरकले. विक्रेता हसायला लागला. हे खालूनच म्हणाले, "वरून सगळ्याच छान दिसतात."

तेव्हाच मला कळलं, आपण योग्य हातात पडतोय.

पहिली सात वर्षं त्यांच्याकडे गॅरेज नव्हतं. मी याच अंगणात उघड्यावर राहिले. आणि आमच्याकडचा हिवाळा काही साधा नाही. पहाटे दव, दुपारी झिरमिर, सकाळी काचेवर बर्फाची साय. रस्ता निसरडा होऊ नये म्हणून मीठ टाकतात, ते चाकांबरोबर उडून पोटाला चिकटतं. पण काटेवाले थंडी पडायच्या आत एक कोरडी दुपार गाठत. नळी लावून माझी खालची बाजू धुवायची, दोन दिवस उन्हात दारं उघडी टाकून वाळवायची. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. त्यांतून एक तार फिरवून कचरा काढायचा. दाराखालच्या पोकळीत तेल सोडायचं, चकचकीत पट्ट्यांना ग्रीसचा हात द्यायचा. टाकी काठोकाठ भरायची, चाकांखाली फळ्या घालायच्या. आणि वरून सुती खोळ. ती बायकोने जुन्या चादरी जोडून शिवली होती. कोरडा वारा सुटला की खोळ काढून मला मोकळं ठेवायचं.

"गाडीला थंडी वाजत नाही," ते बायकोला सांगत. "गाडीला घाम येतो. तो वाळू द्यायचा, बस."

मग गॅरेज झालं, आणि पुढची वर्षं मजेत गेली. डिकीत पितळी वजनांची पेटी, समोर रस्ता. मुलगा मागच्या सीटवर पाय हलवत बसायचा, मोठा झाला, पुढे बसायला लागला. पुढे तो सामान हलवणाऱ्या एका कंपनीत लागला. लोकांची घरंच्या घरं बांधून दुसऱ्या गावी पोचवायची. कपाट असो की काचेचं झुंबर, त्याच्या हातून ओरखडा उठायचा नाही. कामाला वाघ. त्याला वाईट म्हणायला मला अजूनही जीभ रेटत नाही, आणि हेच माझं दुखणं आहे.

गेल्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा काटेवाले एका गोदामात काट्यावर वाकले आणि उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोन महिन्यांनी घरी आणलं तेव्हा जिना चढणं शक्यच नव्हतं. म्हणून गॅरेजची खोली केली. शटर काढून तिथे मोठी काच बसवली. माझ्या जागेवर त्यांची खाट आली आणि मी काचेसमोर अंगणात. याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांना मी दिसत होते, मला ते.

त्यांना एकच शब्द उरला होता. "हो."

सुरुवातीला घरात केवढा आनंद झाला! "निदान हो तरी म्हणतात," बायको शेजारणीला सांगे आणि डोळे पुसे. मग हळूहळू त्या 'हो'ची सगळ्यांना चटक लागली. दूध देऊ? हो. त्यांना दुधाचा वासही सोसत नसे. जन्मभर कोरा चहा प्यायलेला माणूस. पुसायला अडचण होते, मिशी काढून टाकू? हो. चाळीस वर्षांची मिशी दोन मिनिटांत गेली. ते 'हो, हो' असं ओरडत मान झटकत होते आणि मुलगा म्हणत होता, "हलू नका ना बाबा, झालंच." नेहमी हो म्हणणारा माणूस घराला फार सोयीचा असतो. त्याच्याकडे बघावं लागत नाही.

मी बघत होते. मला दुसरं काम काय होतं?

थंडी सुरू झाली. एका रविवारी मुलगा मला बाहेर घेऊन गेला. "उभी राहून आखडेल बिचारी," म्हणाला. मित्रांना बसवलं, मिठाच्या रस्त्यावरून लांब चक्कर मारली. मजा आली, नाही म्हणत नाही. परत आल्यावर त्याने कंपनीतून आणलेला प्लास्टिकचा गठ्ठा अंगणात टाकला. सामान गुंडाळतात ना, ते जाड प्लास्टिक. माझं पोट अजून ओलं होतं. चाकांच्या कडेने मिठाचा चिखल ठिबकत होता.

बायको शाल लपेटून दारात आली. "अरे, ते कापडाची खोळ घालायचे. माळ्यावर आहे बघ."

"कापड भिजतं गं आई. पाणी आत जातं."

"आणि आधी खालून धुवायचे की काहीतरी."

"आई, पॅकिंग हा माझा धंदा आहे. लोक माझ्या भरवशावर पियानो पाठवतात." मग तो काचेशी गेला, खिडकी सरकवली आणि मोठ्याने, प्रेमाने विचारलं, "बाबा! तुमची गाडी मस्त बांधून टाकतो. वाऱ्याचा कणसुद्धा आत जायचा नाही. चालेल ना?"

काटेवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात त्यांनी गादीवर आपटला. "हो!" म्हणाले. "हो! हो! हो!"

"बघ," मुलगा आईकडे वळून हसला. "किती खूश झालेत."

आणि त्याने मला बांधलं. छपरावरून, पोटाखालून, पुन्हा छपरावरून. चिकटपट्टीचा कर्रकर्र आवाज तासभर चालला होता. शेवटी समोरच्या काचेवरून प्लास्टिक आलं तेव्हा पलीकडे काटेवाले दिसत होते. चमच्याने खिडकीवर ठोकत होते. बायको धावत आत गेली आणि तिने त्यांना दूध दिलं.

त्या हिवाळ्याचं काय सांगू? मला गोठून मेल्यासारखं झालं असतं तर बरं झालं असतं. पण दुपारी ऊन पडे, प्लास्टिकखाली वाफ धरे, संध्याकाळी तीच वाफ थेंब होऊन माझ्याच अंगावर गळे. रोज. घाम यायचा आणि वाळायचा नाही. दारांतली भोकं पानांच्या कुजक्या चिखलाने बुजली होती. पाणी दारांतच साठून राहिलं. चिखलातलं मीठ ओलं राहिलं. आधी रंगाला फोड आले, तांदळाएवढे. मग पापुद्रे सुटले. पत्रा आतून खाल्ला जातो तेव्हा आवाज होत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाहेरून मी नव्या कपाटासारखी दिसत असणार. शेजारी म्हणतसुद्धा, "काय व्यवस्थित ठेवलीय हो गाडी!"

आणि खिडकीवर चमचा वाजायचा. पहिला महिना रोज. मग दोन-चार दिवसांआड. मग थांबला.

थंडी ओसरत आली तेव्हा एक बाई घरी येऊ लागल्या. आजाऱ्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. खिडकी उघडी होती म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"तुमचं नाव काटेवाले?" "हो." "तुम्ही बाई आहात?" "हो." "आत्ता बाहेर बर्फ पेटलंय?" "हो."

मग बाई बायकोला म्हणाल्या, "यांना सगळं समजतं. पण 'नाही' म्हणायला जातात आणि तोंडातून 'हो' निघतं. शब्द ऐकू नका, अंगठा बघा. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही." मग त्यांना विचारलं, "काटेवाले, तुम्हाला दूध आवडतं?"

काय झालं ते मला दिसलं नाही. बायकोचा हुंदका तेवढा ऐकू आला. "अगं बाई," ती म्हणाली. "मग ती मिशी... आणि गाडी? अहो, गाडीचं तुम्ही..."

कात्री घेऊन ती तशीच अंगणात आली, चप्पलही न घालता. स्वयंपाकघरातली कात्री ती, जाड प्लास्टिकला पुरेना. शेवटी हातांनी ओरबाडून तिने ते फाडलं. आतून शेवाळलेला वास आला. तिने माझं दार उघडायला कडी ओढली आणि दार खालच्या बिजागरीतून निसटून लोंबकळलं. मग डिकीतली पितळी वजनांची पेटी उघडून पाहिली. मखमलीला बुरशी होती.

मुलगा संध्याकाळी आला. बराच वेळ माझ्याभोवती फिरला. एका जागी बोटाने दाबून पाहिलं, बोट आत गेलं. मग आईवर ओरडला, "मी विचारलं होतं! तुझ्यासमोर विचारलं होतं त्यांना!"

"हो रे. विचारलं होतंस."

"मग?"

"विचारताना तू त्यांच्याकडे बघितलं नाहीस. मीही नाही."

त्या दिवसापासून तो काचेसमोरून जाताना मान खाली घालून जातो. दोन गॅरेजवाले आणले, दोघांनी मान हलवली. तिसऱ्याने तोंडावर सांगितलं, "साहेब, जोडायला आधी धड पत्रा लागतो. इथे जोडू कशाशी?"

गेल्या आठवड्यात काटेवाल्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. मिशी पुन्हा आली होती, पांढरी. त्यांनी डाव्या हाताने माझ्या दारावरून हात फिरवला. तळवा लाल झाला. मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला, प्रथमच त्यांच्या डोळ्यांत बघत.

"बाबा, देऊन टाकू का हिला? घाई नाही. नीट विचार करून सांगा. नको असेल तर नको म्हणा. मी जन्मभर इथे ठेवीन."

काटेवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोराकडे पाहिलं. रोज मान खाली घालून जाणाऱ्या त्या पोराकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आणि अंगठा वर केला.

मुलगा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. बायकोही रडली. सगळ्यांनाच मोकळं झाल्यासारखं वाटलं असावं. माझं सोडा, मी पत्रा.

तुम्ही कुणी उघड्यावर एखादी जुनी गाडी ठेवत असाल तर एवढं करा: आधी खालून धुवा, वाळवा, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवा, आणि घालाल ते पांघरूण वारा खेळेल असं घाला. नाही जमलं तर उघडी टाका. उघडी पडलेली गाडी निदान दिसते तरी. तिचा पहिला फोड कुणाच्या तरी नजरेला पडतो.

जाताना सगळ्यांना माफ केलं म्हणून सांगायची पद्धत असते. काटेवाल्यांनी केलं असेल, ते माणूस आहेत. मुलगा प्रेमाने वागला, हे मला ठाऊक आहे. तरी मी त्याला माफ केलेलं नाही. उद्या सकाळी ट्रकची साखळी लागेल, आणि मी तशीच, रागातच, फाटकाबाहेर जाईन.